बेरीज कामाची, दिवसांची नव्हे

कापसाचे एक शेत रमा एकटी सहा दिवसांत वेचून काढते. तेच शेत सुमनला एकटीला वेचायचे तर बारा दिवस लागतात. दोघी मिळून लागल्या तर किती दिवस? आठवीच्या वर्गात हा प्रश्न फळ्यावर लिहिला की पहिले उत्तर येते अठरा आणि दुसरे नऊ. अठरा म्हणणाऱ्याने दोन आकडे दिसले म्हणून बेरीज केलेली असते. नऊ म्हणणाऱ्याने त्यापुढे जाऊन सरासरी काढलेली असते आणि आपण काही तरी विचार केला याचे त्याला समाधानही असते. अशा वेळी फळ्यावरचे उत्तर चूक आहे असे सांगू नये. एवढेच विचारावे, की रमा एकटी सहा दिवसांत शेत उरकते, मग सुमन मदतीला आल्यावर तिला नऊ दिवस का लागावेत? मुले आपले उत्तर आपणच खोडतात.

दिवसांची बेरीज होत नाही. बेरीज होते ती एकाच वेळात झालेल्या कामाची. रमा एका दिवसात शेताचा १/६ भाग वेचते, सुमन १/१२ भाग. दोघींचा मिळून एका दिवसाचा वेचा ३/१२, म्हणजे शेताचा चौथा हिस्सा. म्हणून चार दिवस. नळ आणि टाक्या, मजूर आणि भिंती, छपाईयंत्रे आणि पुस्तके, पंप आणि विहिरी अशी कितीही रूपे या प्रकारच्या गणितांनी घेतली, तरी सगळ्यांचा पाया ही एकच पायरी आहे. आकडेमोड येत असूनही बहुतेक मुले अडतात ती या पायरीवर. 'किती दिवस लागतात' या माहितीवरून 'एका दिवसात किती होते' याकडे वळायचे असते आणि ते वळण कोणी सावकाश दाखवलेले नसते. हे पुस्तक त्या वळणासाठी लिहिले आहे.

ते लिहिताना तेलंगणमधल्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या बाजारहत्नूर आणि आसपासच्या गावांतली मुले डोळ्यांसमोर होती. नागपूर-हैदराबाद महामार्गावरच्या इच्चोड्याहून आत पश्चिमेला गेले की बाजारहत्नूर लागते. डोंगर ओलांडून वायव्येला गेले की किनवट, नांदेड जिल्हा, महाराष्ट्र. १९५६च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुकेही आदिलाबाद जिल्ह्यातच होते. नकाशावर रेषा ओढली गेली, पण सोयरीक आणि बाजारहाट त्या रेषेने थांबली नाही. या पट्ट्यातल्या मुलाच्या घरी मराठी, शेजारच्या गल्लीत तेलुगू, गुड्यावर गोंडी, तांड्यावर बंजारा आणि बाजारात दख्खनी वळणाची हिंदी असते. जिल्ह्यात काही ठिकाणी मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, पण पुढे जाऊन नोकरीची परीक्षा द्यायची वेळ येते तेव्हा प्रश्नपत्रिका बहुधा दुसऱ्याच भाषेत समोर येते. शाब्दिक उदाहरणात अर्धी लढाई भाषेची असते. गणित येत असूनही 'दोघांनी मिळून काम सुरू केले, परंतु काम संपण्याच्या तीन दिवस आधी एकजण निघून गेला' हे वाक्य नीट उलगडले नाही, तर हातातले गुण जातात.

या मुलांकडे जे आधीपासून आहे त्याची शाळा फार कमी दखल घेते. दिवाळीच्या सुमारास पांढरे झालेले शेत त्यांनी पाहिलेले असते. संध्याकाळी काट्यावर गाठोडी चढतात आणि किलोमागे ठरलेल्या दराने मजुरी मिळते, हे त्यांना माहीत असते. पहिल्या वेच्याला बोंडे कमी फुटलेली असतात, मधल्या वेच्यात हात भरभर चालतो, शेवटी पऱ्हाटीवर कवडीभर कापूस उरतो आणि दिवसभर वाकूनही गाठोडे हलकेच राहते. म्हणूनच शेवटच्या वेच्याला किलोमागचा दर वाढवून मागितला जातो. त्याच बाईचा, त्याच शेतातला वेग ऐन हंगामात आणि हंगाम सरताना वेगळा असतो, हे या भागातल्या बारा वर्षांच्या मुलीला सांगावे लागत नाही. तिला सांगावे लागते ते एवढेच की पुस्तकातली रमा आणि सुमन रोज एकाच वेगाने वेचतात असे आपण धरून चाललो आहोत. हे 'धरून चालणे' म्हणजेच गणित. ते उघड सांगितले तर मूल ते सहज मान्य करते. लपवले तर त्याला वाटते की शाळेतले काम आणि शेतातले काम यांचा एकमेकांशी संबंध नाही.

रोजाने काम आणि गुत्त्याने काम यांतला फरकही त्यांना पाठ असतो. वरच्याच शेताची वेचणी तीन हजार रुपयांच्या गुत्त्याने दिली असे समजा. दोघींनी चार दिवस बरोबरीने राबून शेत उरकले. पैसे कसे वाटायचे? रोजाच्या हिशोबाने दोघींचे चार-चार दिवस भरले, म्हणजे दीड-दीड हजार. कामाच्या हिशोबाने रमाने शेताचे दोन हिस्से वेचले आणि सुमनने एक. म्हणजे दोन हजार आणि एक हजार. परीक्षेत दुसरे उत्तर बरोबर धरतात. गावात कधी पहिले चालते, कधी दुसरे, आणि कधी दोघी आपसांत तिसरेच ठरवतात. वर्गात या प्रश्नावर वाद होऊ द्यावा. कारण वाद घालणारे मूल वेगांचे गुणोत्तर २:१ आहे हे गृहीत धरूनच बोलत असते, आणि नेमके तेच त्याला शिकवायचे असते.

हा विषय परीक्षांनी जन्माला घातला, असा समज आहे. तो खरा नाही. पाटणादेवीच्या परिसरात, जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगावजवळ, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणलेला शिलालेख आहे. १२०७ साली भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. त्या आजोबांनी, म्हणजे १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी, ११५० साली पूर्ण केलेल्या 'लीलावती'त झऱ्यांचे एक उदाहरण दिले आहे. चार झरे एक कुंड भरतात. पहिला एकटा एका दिवसात, दुसरा अर्ध्या दिवसात, तिसरा दिवसाच्या तिसऱ्या हिश्श्यात, चौथा सहाव्या हिश्श्यात. चारही एकदम सोडले तर कुंड केव्हा भरेल? आजच्या भाषेत उत्तर असे: एका दिवसात पहिला एक कुंड भरतो, दुसरा दोन, तिसरा तीन, चौथा सहा. मिळून बारा. म्हणून एक कुंड भरायला दिवसाचा बारावा भाग. साठ घटिकांच्या दिवसात पाच घटिका, आपल्या घड्याळात दोन तास.

हे उदाहरण जरा थांबून पाहण्यासारखे आहे. भास्कराचार्यांनी वेळा अपूर्णांकात दिल्या, त्यामुळे वेग पूर्णांकात आले. आपली पुस्तके उलट करतात. वेळ सहा, बारा, अठरा असे सोपे दिसणारे आकडे आणि वेग मात्र अपूर्णांक. मूल घाबरते ते तिथे. 'लीलावती'तले उदाहरण आधी सोडवले तर 'एका दिवसात किती वेळा काम होईल' हा प्रश्न आपोआप मनात उभा राहतो आणि छेद-अंशांची भीती मागे पडते. म्हणून या पुस्तकात शिकवणीचा आरंभ त्या झऱ्यांपासून केला आहे. हा निर्णय इतिहासाच्या प्रेमापोटी घेतलेला नाही, तो वर्गातल्या अनुभवावरून घेतला आहे.

त्याच्याही मागे जाता येते. आर्यभटाच्या ४९९च्या ग्रंथात त्रैराशिकाची रीत आहे: प्रमाण, फल आणि इच्छा. एवढ्याला इतके मिळते, तर तेवढ्याला किती? भास्कराचार्यांना या रीतीचे महत्त्व इतके वाटले की विष्णूने जसे विश्व व्यापले आहे तसे त्रैराशिकाने सारे गणित व्यापले आहे, अशा आशयाचे विधान त्यांनी केले. माणसे वाढली की दिवस घटतात अशा ठिकाणी व्यस्त त्रैराशिक लागते. माणसे, दिवस आणि रोजचे तास असे तिन्ही बदलत असतील तर पंचराशिक, सप्तराशिक अशी पुढची साखळी. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात, नवव्या शतकाच्या मध्याला, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' रचला. त्यातही त्रैराशिकाला वेगळे प्रकरण आहे. तोच ग्रंथ पुढे पावुलूरी मल्लना यांनी तेलुगूत आणला. आदिलाबादच्या मुलाला हे सांगावेसे वाटते, कारण गणिताच्या या शाखेची मराठी आणि तेलुगू वाट दख्खनच्या एकाच पठारावरून गेलेली आहे.

बाहेरच्या जगातही टाक्या फार जुन्या आहेत. चीनमधल्या 'नऊ प्रकरणे' या प्राचीन गणितग्रंथात पाच पाटांनी भरणाऱ्या तळ्याचे उदाहरण आहे. पाटांच्या वेळा अनुक्रमे १/३, १, २ १/२, ३ आणि ५ दिवस, आणि उत्तर १५/७४ दिवस. ग्रीक काव्यसंग्रहात कारंज्यांची अशीच कोडी आहेत. 'लीलावती' अकबराच्या सांगण्यावरून फैजीने १५८७ मध्ये फारसीत आणली. जॉन टेलरचे इंग्रजी भाषांतर १८१६ मध्ये मुंबईत छापले गेले, आणि पाठोपाठ १८१७ मध्ये कोलब्रुकचे आले. म्हणजे एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अंकगणिताची पुस्तके आपल्या शाळांत आली तेव्हा आपण काही कोऱ्या पाटीवर बसलेलो नव्हतो. केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारख्यांनी मराठीत अंकगणित लिहिले आणि नव्या शाळेला मराठी परिभाषेत शिकण्याची सोय करून दिली. 'काळ, काम, वेग' ही तीन शब्दांची जोडणी मराठी घराघरांत पोचली आहे, यामागे त्या पिढ्यांचे श्रम आहेत.

युरोपातून आलेल्या उदाहरणांत एकाचा उल्लेख वेगळा करायला हवा. न्यूटनच्या १७०७ मध्ये छापलेल्या बीजगणिताच्या व्याख्यानांत बैल आणि कुरणाचे गणित आहे. बारा बैल ३ १/३ एकर कुरण चार आठवड्यांत संपवतात, एकवीस बैल १० एकर नऊ आठवड्यांत; तर २४ एकर अठरा आठवड्यांत संपवायला किती बैल लागतील? वरवर पाहता हे पंचराशिक आहे. पण बैल चरत असतात तेव्हा गवतही वाढत असते. काम कमी करणारा एक आणि काम वाढवणारा दुसरा, असे दोन वेग एकमेकांवर चाललेले आहेत. सूत्र पाठ केलेला विद्यार्थी इथे हमखास फसतो. एका आठवड्यात एका एकरावर किती गवत होते आणि एक बैल किती खातो असे दोन प्रश्न स्वतःला विचारणारा ३६ या उत्तरापर्यंत पोचतो. भरणारा नळ आणि गळणारी टाकी ही याचीच लहान आवृत्ती.

आज हा विषय शिकवणाऱ्यांत मुख्यतः चार पद्धती आढळतात आणि प्रत्येकीचे कट्टर समर्थक आहेत. पहिली शाळेची, अपूर्णांकांची. एका दिवसाचे काम १/अ, १/ब असे मांडायचे आणि बेरीज करायची. विचार स्वच्छ राहतो, पण छेद मोठे झाले की वेळ जातो. दुसरी स्पर्धा परीक्षांच्या वर्गांत रूढ झालेली लसाविची. दिवसांचा लसावि म्हणजे एकूण काम असे धरायचे आणि प्रत्येकाचा रोजचा वाटा पूर्ण एककांत काढायचा. रमा सहा, सुमन बारा; लसावि बारा; शेतात बारा ओळी आहेत असे समजा. रमा रोज दोन ओळी वेचते, सुमन एक. तीन ओळी रोज, बारा ओळींना चार दिवस. तिसरी पद्धत साखळीची: माणसे गुणिले दिवस गुणिले तास, भागिले काम, हे दोन्हीकडे समान. बारा माणसे रोज आठ तास राबून दहा दिवसांत जे करतात ते ९६० माणूस-तासांचे काम. सोळा माणसे रोज सहा तास राबली तर रोज ९६ माणूस-तास होतात, म्हणजे पुन्हा दहाच दिवस. चौथी पद्धत सूत्रांची. दोघांसाठी गुणाकार भागिले बेरीज, तिघांसाठी वेगळे, एकजण सोडून गेला तर आणखी वेगळे. अशा सूत्रांची पाने भरलेल्या मार्गदर्शिका बसस्थानकाबाहेरच्या दुकानात मिळतात.

लसाविच्या पद्धतीला काही जुने शिक्षक 'क्लासवाल्यांची युक्ती' म्हणून नाक मुरडतात. हा आक्षेप मला पटत नाही. ती युक्ती नाही. काम डोळ्यांना दिसेल असे करण्याची ती रीत आहे. 'संपूर्ण काम म्हणजे १' ही कल्पना मोठ्यांना सोपी वाटते, पण मुलासाठी ती फार अमूर्त असते. 'शेतात बारा ओळी' हे मात्र त्याला दिसते. कामाला सोयीचे माप देऊन वेग मोजण्यात गणिताचा कोणताही नियम मोडत नाही. माझा आक्षेप आहे तो सूत्रांच्या पाठांतराला. एक उदाहरण पुरेसे आहे. अ एक काम बारा दिवसांत करतो, ब अठरा दिवसांत. दोघांनी मिळून सुरुवात केली, पण काम संपण्याच्या तीन दिवस आधी अ निघून गेला. एकूण किती दिवस लागले? यासाठी वेगळे सूत्र आहे आणि दोन महिन्यांत ते विसरले जाते. आता ओळींत पाहा. लसावि छत्तीस, अ रोज तीन ओळी, ब रोज दोन. अ शेवटचे तीन दिवस थांबला असता तर त्याने नऊ ओळी जास्त केल्या असत्या, म्हणजे काम पंचेचाळीस ओळींचे झाले असते. दोघे रोज पाच ओळी करतात, नऊ दिवस. पडताळा घ्या: ब चे नऊ दिवस म्हणजे अठरा ओळी, अ चे सहा दिवस म्हणजे अठरा ओळी. बरोबर छत्तीस. निघून गेलेल्या माणसाला मनात थांबवून ठेवण्याची ही कल्पना एकदा समजली की मूल ती दुसऱ्या दहा उदाहरणांत स्वतःहून वापरते.

आता परीक्षेच्या वेळेबद्दल. रेल्वेच्या ग्रुप डी परीक्षेत ९० मिनिटांत १०० प्रश्न असतात, त्यातले २५ गणिताचे. कर्मचारी निवड आयोगाच्या जीडी कॉन्स्टेबल परीक्षेत ६० मिनिटांत ८० प्रश्न, त्यातले २० गणिताचे. म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. तेलंगणच्या पोलीस कॉन्स्टेबल भरतीच्या प्राथमिक परीक्षेत तीन तासांत २०० गुण, आणि त्यात अंकगणिताला मोठा वाटा. रेल्वेत चुकीच्या उत्तराला एक-तृतीयांश गुण कापला जातो. अशा परीक्षेत 'गणित येते' आणि 'गणित वेळेत येते' यांत फार अंतर पडते. पण वेग वाढवायचा म्हणून विचार टाळायचा, हा सल्ला घातक आहे. उलट, अंदाज हीच सर्वांत जलद रीत. दोघे मिळून काम करतात तेव्हा उत्तर जलद माणसाच्या दिवसांच्या निम्म्याहून जास्त आणि मंद माणसाच्या दिवसांच्या निम्म्याहून कमीच असते. सहा आणि बारा असतील तर उत्तर तीन आणि सहा यांच्यामध्ये. पर्याय ४, ८, ९ आणि १८ असतील तर कागदावर काहीच लिहावे लागत नाही. यामागचे कारणही मुलाने सांगितले पाहिजे: दोघी रमाच्याच वेगाच्या असत्या तर तीन दिवस, दोघी सुमनच्या वेगाच्या असत्या तर सहा, खरी जोडी मध्ये कुठेतरी.

भाषेच्या बाबतीत दोन बातम्या आहेत, एक चांगली आणि एक अवघड. केंद्रीय सशस्त्र दलांच्या याच जीडी कॉन्स्टेबल परीक्षेची प्रश्नपत्रिका २०२४ पासून हिंदी-इंग्रजीखेरीज तेरा भाषांत मिळते. त्यांत मराठी आहे, तेलुगू आहे, कोकणीही आहे. रेल्वेच्या परीक्षाही मराठीतून देता येतात. बाजारहत्नूरच्या मराठी मुलाला हा हक्क आहे, हे त्याला बहुतेक वेळा कोणी सांगितलेलेच नसते. अवघड बाब अशी की राज्याच्या पोलीस भरतीत मराठी नाही. तिथे तेलुगू, इंग्रजी किंवा उर्दूतूनच वाचावे लागते. म्हणून या पुस्तकात स्पष्टीकरण मराठीत आहे आणि प्रत्येक भागाच्या शेवटी तीच उदाहरणे तेलुगू आणि इंग्रजी प्रश्नपत्रिकांत कोणत्या वाक्यरचनेने येतात हे देवनागरीत लिहून दाखवले आहे. समजून घ्यावे आपल्या भाषेत आणि ओळखावे परीक्षेच्या भाषेत, असा हा मार्ग आहे.

जुन्या उदाहरणांबद्दल एक गोष्ट आम्ही ठरवून केली. 'तीन पुरुष किंवा पाच स्त्रिया किंवा आठ मुले एक काम दहा दिवसांत करतात' अशी वाक्ये पिढ्यान्‌पिढ्या छापली जात आहेत. गणित म्हणून त्यांत वावगे काही नाही. वेगवेगळ्या वेगांचे गट हवे असतात. पण बाईचे काम पुरुषापेक्षा कमीच, हे पुस्तकाने न बोलता शिकवणे आणि मूल शेतात मजूर म्हणून उभे करणे हे आम्हाला मान्य नाही. समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ मध्ये झाला. कापूस वेचणीच्या काट्यावर तर बायकांचेच गाठोडे बहुधा जड भरते. परीक्षांत असे प्रश्न अजून येतात, म्हणून त्यांचा सराव पुस्तकात दिला आहे, पण वेगळ्या भागात आणि टिपेसह. बाकी सर्वत्र नवशिके आणि सराईत, लहान पंप आणि मोठा पंप, जुने आणि नवे यंत्र असे गट घेतले आहेत.

वेग, काम आणि दिवस यांचे हे नाते परीक्षेपुरते नाही, हे दाखवायला दूर जावे लागत नाही. १९७२च्या दुष्काळाच्या काळात महाराष्ट्रात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी योजना उभी राहिली. पुढे २००५चा केंद्रीय कायदा आला आणि २००६ मध्ये तो ज्या पहिल्या २०० जिल्ह्यांत लागू झाला त्यांत आदिलाबाद होता. अशा कामांवर खोदलेली माती घनमीटरमध्ये मोजली जाते आणि कामाची नोंद मनुष्यदिवसांत होते. मऊ मातीत आणि मुरमाच्या जमिनीत एकच माणूस एका दिवसात सारखे खोदू शकत नाही, म्हणून दरपत्रकात जमिनीच्या प्रकारानुसार वेगळे दर ठेवावे लागतात. ज्याला काम आणि वेग यांचे नाते कळते त्याला आपल्या गटाची मोजणी बरोबर झाली की नाही हे विचारता येते. शिकलेली मुलगी घरातल्या मोठ्या माणसांसाठी हा हिशोब करू लागते, तेव्हा या प्रकरणाचा खरा उपयोग झाला असे मी समजतो.

या गणिताची मर्यादाही मुलांना सांगावी. शंभर माणसांना जे काम एक दिवस लागते ते एका माणसाला शंभर दिवस लागेल, हे पुस्तकात खरे असते. विहिरीच्या खड्ड्यात मात्र एका वेळी दोघांनाच उतरता येते. दहा माणसे आणली तरी आठ काठावर उभी राहतात. संगणकाच्या क्षेत्रातले फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये पुस्तक लिहून हेच दाखवले, की उशीर झालेल्या प्रकल्पावर आणखी माणसे नेमली तर तो आणखी लांबतो, कारण नव्यांना शिकवण्यात आणि एकमेकांशी बोलण्यात जुन्यांचा वेळ जातो. आदिलाबादमधून हैदराबादला जाऊन संगणकावर काम करणाऱ्या मुलांना हे रोज अनुभवायला मिळते. वेग बेरजेने वाढतो हे गृहीतक कुठे लागू पडते आणि कुठे पडत नाही, हे ओळखणे हाही या विषयाचाच भाग आहे. पाण्याचे नळ एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून टाकीच्या उदाहरणात ते जवळजवळ पूर्ण खरे ठरते.

पुस्तक कसे वापरावे याबद्दल थोडे. पहिला भाग सूत्राविना आहे आणि तो मुद्दाम लांब ठेवला आहे. घाई असलेल्या उमेदवारानेही तो वगळू नये. दुसऱ्या भागात लसावि आणि साखळी या दोन्ही रीती शेजारी शेजारी ठेवून तीच उदाहरणे दोन्हींनी सोडवली आहेत, म्हणजे कोणती कुठे हाताला सोयीची पडते हे वाचणाऱ्याने स्वतः ठरवावे. नळ-टाकीसाठी वेगळे प्रकरण केलेले नाही. रिकामी करणारी तोटी म्हणजे उणे वेग, एवढेच त्यात नवे आहे आणि ते मजुरांच्या उदाहरणांतच मिसळले आहे. सूत्रे शेवटी एका पानावर आहेत. ज्याला त्यांची गरज वाटणार नाही त्याने ते पान कोरे समजावे. न्यूटनचे कुरण शेवटच्या भागात आहे आणि त्याच्यासोबत कुरणाची आणखी पाच उदाहरणे दिली आहेत. पाचव्याचे उत्तर मुद्दाम दिलेले नाही. शिक्षकांनीही ते देऊ नये. वर्गातल्या दोन गटांनी वेगवेगळ्या वाटेने ते काढावे आणि उत्तरे जुळली की नाही ते पाहावे.